शिक्क्यामागचं घर

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात घर शोधणारा माणूस सगळ्यात आधी विचारतो ते स्टेशनपासूनचं अंतर. एजंटचं उत्तर ठरलेलं असतं, "चालत दहा मिनिटं." डोंबिवली पूर्व असो, कळवा असो की दिवा, ही दहा मिनिटं सगळीकडे सारखीच. एजंट खोटंच बोलतो असं नाही. तो दुपारी तीन वाजता, रस्ता मोकळा असताना, स्कूटरवरून आलेला असतो. त्या घरात पुढे राहणारी मुलगी मात्र रात्री सव्वादहाच्या लोकलमधून उतरणार असते. पूल ओलांडून ती पूर्वेला येणार, शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहणार आणि शेवटची गल्ली पायी जाणार. त्या गल्लीबद्दल दुपारी कुणी बोलत नाही.

म्हणून इथले जुने रहिवासी नव्या माणसाला सांगतात, घर दिवसा आवडलं असेल तर रात्री पुन्हा जाऊन ये. रात्री दिसणाऱ्या गोष्टी साध्या असतात. औषधाचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं आहे, पोळी-भाजी केंद्रासमोर कामावरून परतणाऱ्या बायका थांबलेल्या आहेत का, खांबावरचे दिवे लागतात का. डोंबिवलीचं पोळी-भाजी केंद्र ही या बाबतीत फार विश्वासाची जागा. जिथे रात्री साडेनऊला बायका निवांत डबा भरून घेतात, तिथे रस्त्यावर ओळखीची नजर असते. डोंबिवलीचा फडके रोड दिवाळीच्या पहाटे तरुणांनी फुलतो. गणेश मंदिर संस्थानानं १९९९ साली सुरू केलेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा पुढे राज्यभर पोचली. हे या शहराचं खरं वैभव आहे. तरीही वस्ती कशी आहे ते सणाच्या सकाळी कळत नाही, एखाद्या मंगळवारच्या रात्री कळतं.

आणि पावसात कळतं. घरं बदलण्याचा हंगाम एप्रिल-मे. शाळेचे निकाल लागलेले, बदल्यांचे आदेश निघालेले. नेमक्या त्याच दिवसांत वालधुनी नदी नाल्याएवढी होऊन वाहते आणि कल्याणला नव्यानं आलेल्याला ती नदी आहे हेही जाणवत नाही. २६ जुलै २००५ ला याच वालधुनीनं आणि उल्हास नदीनं इथली घरं बुडवली. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींमधून बाहेर काढावं लागलं, तेही उल्हासचंच पाणी. ठाण्यात वंदना टॉकीजच्या परिसरात पाणी साचतं हे ठाणेकराला सांगावं लागत नाही. नाशिकहून किंवा लातूरहून आलेल्याला मात्र सांगावं लागतं. त्यानं तळमजल्यावरच्या वाण्याला एवढंच विचारावं, जुलैत तांदळाची पोती कुठे ठेवता? वाण्याला घर विकायचं नसतं, त्यामुळे तो खरं सांगतो. विजेच्या मीटरची पेटी नेहमीपेक्षा उंचावर लावलेली दिसली तर तीही बरंच काही सांगून जाते.

डोंबिवलीत एमआयडीसीचा प्रश्न वेगळा आहे. कारखाने साठच्या दशकात आले तेव्हा त्यांच्या आणि वस्तीच्या मध्ये जागा होती. ती भरत गेली. २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवट पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. २६ मे २०१६ ला प्रोबेस एंटरप्रायझेस या कारखान्यातल्या स्फोटानं बारा माणसं गेली आणि दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ ला अमुदान केमिकल्समध्ये पुन्हा स्फोट झाला. निवासी विभागातले रस्ते रुंद आहेत, झाडी आहे, बंगले टुमदार आहेत. घर पाहायला आलेल्याला हे सगळं आवडतं आणि आवडावं असंच आहे. मात्र कोणता कारखाना किती अंतरावर आहे आणि त्यात काय तयार होतं, हे रहिवाशाला सहज कळण्याची सोय अजूनही नाही. इतक्या वर्षांनंतर ती नसावी याचा राग यायला हवा.

जागा पसंत पडली की पैशांची गोष्ट सुरू होते आणि फसवणूक बहुतेक तिथेच दबा धरून असते. ऑनलाइन जाहिरातीत घोडबंदर रोडवरचा सुंदर टू बीएचके दिसतो, भाडं आजूबाजूच्यापेक्षा बरंच कमी. मालक सांगतो की तो लष्करात किंवा सीआयएसएफमध्ये आहे, बदली झाली आहे, घर चांगल्या माणसाला द्यायचं आहे. ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. मग सोसायटीच्या गेटपाससाठी टोकन मागतो. कधी उलट हाच भामटा भाडेकरू बनून घर देणाऱ्यालाच गाठतो आणि म्हणतो, डिपॉझिट पाठवतो आहे, हा क्यूआर कोड स्कॅन करा. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच, एवढं लक्षात राहिलं तर हा डाव फसतो. आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात. लंडन-बर्लिनला शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांनाही हेच जाळं भेटतं. फक्त तिथला मालक "परदेशात" असतो आणि किल्ली कुरिअरनं येणार असते.

हेवी डिपॉझिटचा धोका याहून खोल आहे. महिन्याचं भाडं नाही किंवा नावापुरतं, त्याऐवजी काही लाख एकरकमी द्यायचे आणि घर सोडताना परत घ्यायचे, असा हा व्यवहार. निवृत्तीचे पैसे आलेली कुटुंबं, दागिने मोडून रक्कम उभी करणारी जोडपी याकडे ओढली जातात. भाड्याचा दरमहाचा घोर टळतो, हे त्यांचं गणित समजण्यासारखं आहे. पण एकच घर तिघांना दिलेलं निघतं, किंवा मालकानं बँकेचे हप्ते थकवलेले असतात आणि एक दिवस दारावर जप्तीची नोटीस लागते. रक्कम भाडेकरूची, नोटीस मालकाच्या नावाची. ज्याचा कर्जाशी काही संबंध नव्हता तोच सामान घेऊन जिन्यात उभा राहतो. अशा घरासाठी पैसे मोजण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटावं, घरावर बँकेचा बोजा आहे का विचारावं आणि इंडेक्स टू, म्हणजे खरेदी-विक्रीच्या नोंदीचा उतारा, काढून खरा मालक कोण ते पाहावं. चांगल्या मालकाला या चौकशीचा राग येत नाही.

करार नोंदवण्याबाबतही भाडेकरू उगाच दबून असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी विरुद्ध पुरावा येईपर्यंत ग्राह्य धरल्या जातात. तरी "नोटरी करून टाकू, खर्च वाचेल" हे वाक्य कल्याणपासून कळव्यापर्यंत रोज ऐकू येतं. वाचणारा खर्च थोडा असतो आणि त्यातून गमावला जातो तो राहत्या पत्त्याचा पक्का पुरावा.

इथपर्यंतच्या गोष्टी जागरूक माणसाला सांभाळता येतात. पण डोंबिवलीत जे घडलं ते जागरूक माणसांच्या बाबतीत घडलं.

स्थावर संपदा कायद्याची महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून अंमलबजावणी सुरू झाली, महारेरा आलं आणि प्रत्येक प्रकल्पाला क्रमांक मिळू लागला. ठाणे जिल्ह्यातल्या प्रकल्पांचा क्रमांक पी५१७ नं सुरू होतो. फसायचं नसेल तर रेराचा क्रमांक बघा, असं सगळे सांगू लागले आणि लोक तो बघू लागले. २०२२ मध्ये उघड झालं की डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींच्या बिल्डरांनी कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट केल्या होत्या. सह्या बनावट, शिक्के बनावट. ते कागद महारेराकडे दिले गेले आणि त्यावर क्रमांक मिळाला, तो मात्र अस्सल. त्या अस्सल क्रमांकावर जाहिराती झाल्या, बँकांनी कर्जं दिली, मुद्रांक शुल्क भरून नोंदणी झाली. हे प्रकरण एका वास्तुविशारदानं उच्च न्यायालयात नेलं, गुन्हे दाखल झाले, विशेष तपास पथक नेमलं गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यांत राहणारी कुटुंबं सुमारे साडेसहा हजार असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं.

या कुटुंबांबद्दल "घेताना बघायला नको होतं का?" असं म्हणणं सोपं आहे आणि ते अन्यायाचं आहे. त्यांनी बघितलं होतं. सांगितलेला क्रमांक तपासला होता. बँकेच्या वकिलानं कागद पाहून होकार दिला होता. दुय्यम निबंधकासमोर अंगठा उमटवला होता. या प्रत्येक टेबलावर आधीच्या टेबलानं खात्री केली असेल असं धरलं गेलं आणि ज्या महापालिकेचा शिक्का कागदावर होता तिला हा कागद तुमचाच का, असं मधल्या कुणीच विचारलं नाही. २०२३ पासून महारेरा परवानगीची खातरजमा थेट नियोजन प्राधिकरणाच्या अधिकृत ईमेलवरून करून घेऊ लागलं. हा उपाय चांगला आहे आणि तो पहिल्या दिवसापासून असता तर हजारो संसार या फेऱ्यात सापडले नसते.

बनावट कागद इथेच इतका सहज का खपला, यालाही कारण आहे. डोंबिवलीभोवतीची २७ गावं १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यांतली १८ वगळण्याचा निर्णय झाला आणि तो उच्च न्यायालयानं रद्द केला. या उलथापालथीत कुणाकडे ग्रामपंचायतीचा कागद, कुणाकडे एमएमआरडीएचा, कुणाकडे महापालिकेचा. परवानगी नेमकी कुणी द्यायची हेच जिथे दर काही वर्षांनी बदलतं, तिथे ग्राहकानं खरा कागद कसा ओळखायचा?

कागद नसलेल्या इमारतीची किंमत याच पट्ट्यानं माणसांनी मोजली आहे. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमध्ये सात मजली बेकायदा इमारत कोसळली. वर बांधकाम चालू आणि खाली माणसं राहायलाही आलेली. ७४ जण गेले, त्यांत कितीतरी लहान मुलं होती. काही महिन्यांत मजल्यावर मजला चढत गेला, तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर. जुन्या इमारतींचं दुखणं निराळं. २०१५ मध्ये जुलैअखेर ठाकुर्लीची मातृछाया पडली आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात ठाण्यात नौपाड्याची कृष्ण निवास. २० मे २०२५ ला कल्याण पूर्वेतल्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम सुरू असताना स्लॅब खाली आला, सहा जणांचा जीव गेला. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करतात. अतिधोकादायक म्हणजे सी-वन. कमी भाड्याची खोली घेणाऱ्यापर्यंत ही यादी पोचत नाही, कारण ती दाखवण्यात एजंटला रस नसतो आणि मालकाला तर नसतोच.

मग नव्यानं घर घेणाऱ्यानं काय करावं? बिल्डरकडून बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी आणि ती घेऊन नगररचना विभागात स्वतः जावं. तोंडी उत्तर मिळालं नाही तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करावा. त्याच्या उत्तराला कायद्यानं तीस दिवसांची मुदत आहे. तीस-चाळीस लाखांच्या घरासाठी महिनाभर थांबणं जड नाही. "रविवारपर्यंतच हा भाव" म्हणणारा बिल्डर मात्र त्या महिन्याला घाबरतो, आणि त्याची ही घाई हीच खरी धोक्याची खूण.

पण हे सगळं एकेकट्या माणसावर सोपवून यंत्रणेला मोकळं होता येणार नाही. परवानगी मिळालेल्या प्रत्येक बांधकामाची प्रभागवार मराठी यादी प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर आणि स्टेशनच्या पुलावर लावायला फार खर्च येत नाही. बेकायदा इमारत पहिल्या मजल्यावर असताना तिथे पाटी लावणं प्रभाग अधिकाऱ्याच्या हातात आहे. सात मजले झाल्यावर लागलेल्या नोटिशीचा घर घेतलेल्यांना काही उपयोग नाही. डोंबिवलीच्या कुटुंबांबाबत निर्णय करताना आधी बनावट शिक्के वापरणाऱ्यांच्या मालमत्तेतून वसुली व्हावी, ते कागद पुढे जाऊ देणाऱ्यांची जबाबदारी ठरावी, राहणाऱ्यांना पर्यायी छप्पर मिळावं आणि मगच त्यांना घर सोडायला सांगावं. नोटीस आली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही. घराचं काय होणार हे ठाऊक नसतानाही त्या कुटुंबाच्या खात्यातून तो दर महिन्याला वळता होतो.