आंबेगाव कुठंय?

वीकएण्डला लाँग ड्राइव्हचा बेत आहे, पण लोणावळ्याच्या गर्दीचा कंटाळा आलाय? मग गाडी पुणे-नाशिक रस्त्याला काढा. साधारण 60 किलोमीटरवर मंचर लागतं. तिथे डावीकडे वळा, घोडेगावात मिसळ-चहा उरका आणि थेट डिंभे धरण गाठा.

घोड नदीवरच्या या धरणात सुमारे 13.5 टीएमसी पाणी मावतं. जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना प्राण देणारे बाबू गेनू याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे.

डिंभ्यापुढे पाण्याच्या दोन्ही अंगांनी रस्ते जातात. एक पोखरीचा घाट चढून भीमाशंकरला, दुसरा उत्तरेकडून आहुप्याला. घाटात गाडी बाजूला घ्या. खाली निळं पाणी, काठाला भाताची खाचरं, मागे सह्याद्री. कॅमेरा आपोआप बाहेर येतो!

फोटो काढून झाले, की टपरीवरच्या आजोबांना एक प्रश्न विचारा. आम्ही विचारला, ''आंबेगाव तालुका म्हणतात, मग आंबेगाव कुठंय?'' त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. ''त्यात. उन्हाळ्यात या, पाणी उतरलं की जुनी देवळं दिसत्यात.''

खरंच की! ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे, ते गाव धरणाच्या पोटात आहे. तालुक्याचा कारभार चालतो घोडेगावातून. गावाबरोबर आदिवासींची नदीकाठची जमीनही गेली. हे पाणी कालव्यांनी खालच्या भागातले मळे भिजवतं, आणि काठावरच्या वाड्यांत मात्र उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन फिरतात. धरण उशाला, कोरड घशाला, ती अशी.

आहुप्याच्या बाजूला माळीण आहे. 30 जुलै 2014 ला डोंगर कोसळून तिथे दीडशेच्या आसपास माणसं गेली. त्यामुळे धो-धो पावसात या रस्त्यांवर हिरोगिरी नको. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात या.

पाण्यात उतरू नका, बाटल्या टाकू नका. परतीच्या वाटेवर 'आंबेगाव' लिहिलेली एखादी पाटी दिसेल. सकाळी ती नुसती पाटी होती. आता मात्र क्षणभर गाडीचा वेग कमी होईल, बघा.