इतवारीची पेढी, देराचा बाजार

नागपूरच्या इतवारीत सराफा, किराणा आणि कापड यांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. तेथील व्यापाऱ्याला अरबस्तान आता दूरचे राहिलेले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावरून थेट विमान शारजाला जाते. घड्याळ दीड तास मागे करायचे, आणि मोटारीने दुबईच्या देरा भागात उतरायचे. खाडीच्या या काठावर सोन्याचा आणि मसाल्यांचा बाजार. लाकडी ‘अब्रा’ होडीने पलीकडे गेले की बर दुबईचा कापडबाजार. वेलदोडा, केशर, वाळलेली लिंबे यांच्या पोत्यांमधून वाट काढताना आपण किराणा ओळीतच आहोत असे क्षणभर वाटते, घासाघीसही तशीच.

पूर्वी प्रवासी व्यापाऱ्याच्या पिशवीत वही असे. मारवाडातून आलेल्या पेढ्यांवर ती बहुधा महाजनी लिपीत, काना-मात्रा गाळून लिहिली जाई, आणि मुनीमाखेरीज इतरांना ती वाचणे अवघड होते. (कधी त्यातूनच अनर्थही होई. ‘काकाजी अजमेर गए’ याचे ‘काकाजी आज मर गए’ असे वाचन झाल्याचा किस्सा कोणत्या घरात सांगितला जात नाही?) आज त्या वहीच्या जागी लॅपटॉप आहे. उधारी, खरेदीचे भाव, बँकेचे खाते, सारे त्यात. आणि तो हॉटेलच्या दिवाणखान्यातील वायफायला जोडताना मात्र आपण क्षणाचाही विचार करीत नाही.

परक्या ठिकाणचे वायफाय म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर बसून वही लिहिणे होय. पडद्यावर दिसणारे नाव हॉटेलचेच आहे, याची खात्री नाव देत नाही. शेजारच्या मेजावरचा मनुष्यही आपल्या यंत्राला तेच नाव देऊ शकतो. म्हणून नाव आणि परवलीचा शब्द स्वागतकक्षात विचारूनच जोडावे. विंडोजमध्ये जोडणीचा प्रकार ‘सार्वजनिक’ किंवा ‘खासगी’ ठेवता येतो, तेथे ‘सार्वजनिक’ असावे. त्यामुळे आपला लॅपटॉप त्या जाळ्यातील इतरांना सहसा दिसत नाही. बँकांची संकेतस्थळे मजकूर सांकेतिक करून पाठवितात, हे खरे. परंतु हुबेहूब दिसणारे बनावट पान समोर आले, तर ती सांकेतिकता काय कामाची? ब्राउझरने प्रमाणपत्राविषयी इशारा दिला, तर तेथेच थांबावे. माझ्या मते पैशाचा व्यवहार सार्वजनिक वायफायवर करूच नये. तेथील सिमकार्ड घेऊन स्वतःच्या मोबाइलचे हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडावे. त्याला पडणारे चार दिरहम हा खर्च नव्हे, पेढीचा विमा आहे.

तरीही एक अडचण उरते. इंटरनेट तेथले, पण ओटीपी येतो तो नागपूरच्या क्रमांकावर. जीएसटीचे विवरण असो वा बँकेची रक्कम, त्या सहा आकड्यांवाचून पाऊल पुढे पडत नाही. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे आणि भारतीय सिम फोनच्या दुसऱ्या खणात राहू द्यावे.

अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्यावरही निर्बंध आहेत. व्हॉट्सॲपवर संदेश जातात, परंतु कॉल एरवी लागत नाही. परवाना मिळालेली निराळी ॲप वापरावी लागतात. कुणी हळूच व्हीपीएनचा उपाय सुचवितो. कंपनीच्या कामासाठी व्हीपीएन वापरणे तेथे गुन्हा नाही. मात्र गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपविण्यासाठी त्याचा वापर केल्यास ५ लाख ते २० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. बंद असलेले कॉल चोरवाटेने लावून ही जोखीम कशाला पत्करावी?

नागपुरात रात्री नऊला शटर खाली येते, तेव्हा देरात साडेसातच वाजलेले असतात आणि सोन्याच्या बाजारातील दिवे ऐन भरात असतात. दिवसाचा मेळ तेवढ्या वेळात मेलने मागवून घेता येतो. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा ॲडाप्टर मात्र इतवारीतूनच नेलेला बरा. तेथे तो दुप्पट भावाने गळ्यात पडतो.