पंचनाम्यात शाळा आली, लेकरं आली नाहीत

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सीना, मांजरा, तेरणा या नद्यांनी धाराशिव जिल्हा धुऊन काढला. परंडा-भूम भागात पुरात अडकलेल्या लोकांना काढायला हेलिकॉप्टर आणावे लागले. पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले. किती हेक्टर खरडले, किती जनावरे गेली, किती घरे पडली, शाळेच्या किती खोल्यांत पाणी शिरले. हे मोजलेच पाहिजे. पण या गावातले कोणते मूल आता शाळेत येणार नाही आणि का, हा रकाना आम्हाला कुठल्याच कागदावर दिसला नाही.

मित्रांनो, शाळा उघडली म्हणजे शिक्षण सुरू झाले असे मानणारे बहुतेक सात-बारावाले असतात.

आम्ही चार-पाच कार्यकर्ते वह्या-दप्तरे घेऊन सीनाकाठच्या वस्त्यांवर फिरत होतो. एका घरी सातवीतल्या मुलीची आई म्हणाली, "दप्तर ठिवा सर, पण दिवाळी झाली की आम्ही कोयत्यावर. पोरगी संगं येणार. धाकट्याला कोण बघंल?" हे कुटुंब दरवर्षी ऊसतोडीला जाणारे नव्हते. सोयाबीनच्या काढणीवर त्यांचे दोन-तीन महिने निघत. यंदा सोयाबीनच पाण्यात गेले. शेतमालकाचे नुकसान हेक्टरी मोजले गेले. ज्यांची मजुरी बुडाली त्यांचे हेक्टर कुठले? त्यांनी मुकादमाकडून उचल घेतली. म्हणजे मुलीची शाळा पुराने नाही, उचलीने सुटणार होती. शाळेची भिंत मात्र शाबूत.

हंगामी वसतिगृहाची योजना आहे, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आहे. योजना चांगल्या आहेत. पण वयात येणाऱ्या मुलीला गावात मागे ठेवायचे तर तिच्या रात्रीची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर आईला कार्डावर सापडत नाही. आणि गावकुसाबाहेरच्या घरातली मुलगी असेल तर त्या प्रश्नाचा अर्थ आपल्याला समजावून सांगावा लागू नये.

जमीन हेच मोजमाप, ही खोड जुनी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात आपल्या जिल्ह्यातले सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली. पुनर्वसनातली घरे जमिनीवर ठरली: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. भूकंपाने सर्वांची घरे सारखीच पाडली होती, सरकारने ती उतरंडीने बांधून दिली. अडीचशे चौरस फुटांत पाच माणसे, चूल आणि दहावीचा अभ्यास! त्याच भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेऊन शिकवले. म्हणजे मुलापासून हिशेब सुरू करता येतो, हे आपल्याकडे घडलेले आहे.

आता कागदांचे. कुठल्याही अहवालात न येणारा हा अडसर आम्हाला सर्वांत घातक वाटतो. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. त्या वेळी आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. जुन्या नोंदी उर्दूत, मोडीत. आजा शाळेत गेला असेल तर त्याचा निर्गम उतारा, नाहीतर कोतवाल बुकाची नक्कल. किती खेटे घालून मिळवलेला तो एक कागद पत्र्याच्या पेटीत होता, आणि पेटी पुरात गेली. एका बापाला कार्यालयात सांगण्यात आले की "मूळ प्रत आणा." मूळ प्रत सीनेत आहे, साहेब!

शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ सांगते की वयाच्या दाखल्याअभावी मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. पहिलीत प्रवेश मिळेलही. पण नववीची शिष्यवृत्ती, समाजकल्याणचे वसतिगृह, पुढे जात पडताळणी, तिथे ही सूट नाही. पुराचे पाणी चार दिवसांत उतरते. दाखल्याअभावी जागा जाते ती चार वर्षांनी, बारावीनंतर, आणि तेव्हा तिला कोणी पूरग्रस्त म्हणत नाही.

शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. त्याच कायद्याचे कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नका म्हणते, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण वगळून. म्हणजे गावाला गुरुजींची सर्वाधिक गरज असते नेमके तेव्हाच त्यांना दुसऱ्या कामाला लावण्याची मुभा आहे. गैरहजर मुलाच्या दारात कोण जाणार?

बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये शेजारच्या सोलापुरात वसतिगृह काढले. शाळा होत्याच; पोराला राहायला, जेवायला, अभ्यासाला जागा नव्हती. बाबासाहेबांच्या सभेने अडसर बरोबर ओळखला होता.

आम्ही एक पानी तक्ता केला आहे. घरात शाळेच्या वयाची मुले किती, यंदा उचल घेतली का, कोणता कागद गेला, मुलगी मागे राहिली तर कोणाकडे. विहारात रविवारी वंदनेनंतर तो भरून घेतो. भरलेले तक्ते गटशिक्षणाधिकारी आणि तहसील कार्यालयात पोच घेऊन देतो. भूम, परंडा, वाशी, कळंबच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीचे तक्ते मुकादमाची गाडी येण्याआधी भरावेत. आणि ज्यांना उर्दू किंवा मोडी वाचता येते त्यांनी जरूर कळवावे, जुन्या नकलांच्या कामाला माणसे कमी पडत आहेत.

जय भीम.