'होता' दिसला की 'वॉज' लिहायचं का?



अपूर्ण भूतकाळ, म्हणजे पास्ट कंटिन्युअस टेन्स, मुलांना सोपा वाटतो. आय, ही, शी, इट सोबत वॉज. वुई, यू, दे सोबत वेअर. पुढे क्रियापदाला आयएनजी. ('यू' एकटा असला तरी वेअरच, हे मात्र वर्षभर सांगत राहावं लागतं.) होता, होती, होतं अशी लिंगाची भानगड नाही, म्हणून मुलं खूशही असतात. सूत्र दोन तासिकांत पाठ होतं. अडचण येते ती मुलं मराठीत विचार करून स्वतःचं वाक्य लिहायला लागली की.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने गेल्या वर्षी वारलेल्या आजोबांवर निबंध लिहिला. तिच्या मनातलं वाक्य होतं, 'मी शाळेतून आले तेव्हा आजोबा ओट्यावर बसले होते.' तिने लिहिलं, 'ग्रँडफादर हॅड सॅट.' तिचं काही चुकलं असं तिला वाटेना, कारण 'बसले होते' हा मराठीत पूर्ण भूतकाळच. पण इंग्रजीत याचा अर्थ, बसण्याची क्रिया आधीच होऊन गेली. तिला तर आजोबा त्या क्षणी तिथे, वाट बघत बसलेले दाखवायचे होते. त्यासाठी हवं 'ग्रँडफादर वॉज सिटिंग.' हे समजल्यावर तिने वाक्य स्वतःच बदललं.

बसला होता, उभा होता, झोपला होता, भिंतीला टेकला होता, साडी नेसली होती. या सगळ्यांत मराठीत 'त होता' कुठेच नाही, तरी त्या वेळची चालू स्थिती सांगताना इंग्रजीत वॉज आणि आयएनजी येतं. माझ्या मते हा मुद्दा सूत्राइतकाच वेळ देऊन शिकवावा.

उलटंही होतं. 'लहानपणी आम्ही विहिरीवर पोहायला जात होतो.' मुलं लगेच लिहितात, 'वुई वेअर गोइंग.' इथे एक सोपी परीक्षा घ्यायला सांगा. 'जात होतो' काढून 'जायचो' घाला. अर्थ तोच राहिला? मग ती सवय आहे, 'वुई युज्ड टू गो' लिहा. 'सर भेटले तेव्हा मी बाजारात जात होतो' यात 'जायचो' बसत नाही. तिथे 'वॉज गोइंग' बरोबर.

'मला माहीत होतं' चं 'आय वॉज नोइंग' तर मोठी माणसंही बिनदिक्कत करतात. माहीत असणं ही काही चालू असलेली कृती नाही. 'आय न्यू' एवढं पुरे.

पालकांनी घरी व्याकरणाचं पुस्तक काढायची गरज नाही. लग्नाचा किंवा सहलीचा एखादा जुना फोटो काढा आणि विचारा, 'फोटो काढला तेव्हा कोण काय करत होतं?' मामा हसत होता, मावशी पदर सावरत होती, कोपऱ्यात कुणीतरी झोपलं होतं. आधी मराठीत सांगू द्या, मग इंग्रजीत. झोपलेल्या माणसापाशी मूल अडखळलं तर थांबा, लगेच उत्तर देऊ नका. फक्त विचारा, 'फोटो काढला तेव्हा त्याची झोप चालू होती की संपली होती?'