पावसाळी सहल आणि खरचटलेली टाच

गेल्या श्रावणात आम्ही तीन कुटुंबं ताम्हिणी घाटात गेलो होतो. धबधबा, भाजलेली कणसं, वाफाळता चहा... मन ताजंतवानं झालं. परतताना दगड लागून माझी टाच खरचटली आणि तशाच पायाने मी भातखाचरातून चालत आलो. आठव्या दिवशी ताप चढला, पोटऱ्या ठणकू लागल्या. डॉक्टर असूनही "फ्लू असेल" म्हणत दोन दिवस अंगावर काढले! निघाला लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, गुरं यांच्या लघवीतले हे जंतू साचलेल्या पाण्यातून, जखमेवाटे शरीरात शिरतात. प्रतिजैविकं वेळेवर सुरू झाली, म्हणून मूत्रपिंडांवर बेतलं नाही.

तुम्ही सहलीला जरूर जा. पण पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. आणि पुढे महिनाभरात ताप आलाच, तर डॉक्टरांना सहलीबद्दल आवर्जून सांगा.