गळाचा प्रश्न

घटस्थापनेनंतर कोकणातल्या खाड्यांचा रंग पालटू लागतो. पावसाळाभर डोंगरातून उतरलेले लाल, गढूळ, गोडे पाणी मागे हटते. भरतीबरोबर खारे पाणी पुन्हा आतवर चढते आणि तांबोशीसारखे खाऱ्या पाण्यातले मासेही वर सरकतात. त्याच सुमाराला घाटमाथ्यावर धरणांचे पाणी निवळते. आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंतचे हे दिवस हौसेने गरवणाऱ्यांचे. तासन्‌तास काठावर बसून एखाद-दुसरा मासा घेऊन परतणारा हा माणूस लोकांना रिकामटेकडा वाटतो, आणि केवळ माशांचा हिशेब केला तर लोकांचे खरेच आहे. बाजारात अर्ध्या तासात त्याहून जास्त मासळी मिळते. पण तो हिशेबच चुकीच्या वहीत मांडलेला आहे, असे मला वाटते. मासे मिळवण्यासाठी गळ हे फार दुबळे साधन आहे. पाणी ओळखण्यासाठी मात्र सामान्य माणसाच्या हाती त्याच्याइतके चांगले दुसरे साधन नाही.

गळ काय काय शिकवतो ते पाहा. किनाऱ्यावरच्या लहान मुलालाही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढता येते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. भांगाला पाणी मंद चढते, उधाणाला जोराने, आणि मासा कोणत्या पाण्यात तोंड उघडतो हे त्यावर ठरते. तंगूस तर्जनीवरून सोडलेला असतो, टोकाला शिसे असते. खेकडा आमिष कुरतडतो तेव्हा बोटाला बारीक, रेंगाळती ओढ लागते. बारकी मासळी टोचे मारते. तांबोशी एकच जबर हिसका देते आणि थेट कालवे चिकटलेल्या खडकाकडे धावते. मार्गशीर्षात धरणाचे पाणी गारठले की माशाचे अंगही तितकेच गार होते, त्याची भूक मंदावते, आमिष लहान आणि खोल सोडावे लागते. हे ज्ञान बोटातून आत जाते आणि वयाबरोबर पिकते. लहानपणी गळ एकच प्रश्न विचारतो: लागला का? तरुणपणी तो विचारतो: केवढा होता? उतारवयात त्याच काठावर बसलेल्या माणसाला प्रश्न पडतो: अजून आहे का? या तिसऱ्या प्रश्नापर्यंत माणसाला आणून सोडणे हेच गळाचे खरे काम.

ही हौस साहेबाने आणली, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरणच आहे. माशांचे प्रकार, त्यांचा आहार, गळाची तयारी असे सारे त्यात आले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणता मासा काय खातो याची नोंद करायची, तर कोणीतरी पाण्याकडे दीर्घकाळ टक लावून बसलेला असावा लागतो. गळाच्या विनोदात निरीक्षण तेव्हापासून आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप क्रौर्याचा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. जीवशास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउट माशाच्या तोंडाभोवती वेदनेचे उद्दीपन टिपणारे चेतातंतू दाखवून दिले. माशाला काही कळत नाही, हे आता निर्धास्तपणे म्हणता येणार नाही. मग पक्षिनिरीक्षकासारखे नुसते पाहत का बसू नये? याचे उत्तर पाण्यातच आहे. पक्षी दुर्बिणीतून दिसतो. गढूळ खाडीतला किंवा खोल डोहातला मासा काठावरून दिसत नाही, त्याचा ठाव गळानेच लागतो. एवढ्याने आपण दोषमुक्त होत नाही, उलट जबाबदारी वाढते. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा. सोडायचा मासा ओल्या हाताने धरावा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो. खायचा असेल तर तो तडफडत न ठेवता लगेच मारावा. जिताडा सुरुवातीला नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी उचलून धरलेला सर्वांत थोराड जिताडा ही बहुधा अंडी देणारी मादी असते. हे ठाऊक असलेल्याने तिला परत सोडावे.

दुसरा आक्षेप असा, की हौशी माणसाच्या निरीक्षणाला किंमत किती? याचे उत्तर कावेरीने दिले आहे. तिथला प्रचंड, पाठीला कुबड असलेला महाशीर गळ टाकणाऱ्यांत जगभर प्रसिद्ध होता. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले दख्खनी महाशीराचे बीज चांगल्या हेतूने त्या नदीत सोडले गेले. पुढे १९९८ ते २०१२ या काळातल्या गळवाल्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा बाहेरून आलेला महाशीर वाढत गेला आणि मूळचा कुबडवाला घटत गेला, हे उघड झाले. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, ती अतिसंकटग्रस्त जात म्हणूनच. त्या वह्या नसत्या, तर नदीत महाशीर भरपूर आहेत असेच सगळे म्हणत राहिले असते. आपल्या उजनीत आज चिलापीचे राज्य आहे. तिच्या आधी भीमेत गळाला काय लागत असे, हे जुन्या गरवणाऱ्यांना तोंडपाठ असते. पण त्यांच्याबरोबर ते जाईल, कारण ते कुणी लिहून ठेवलेले नाही.

ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले. त्यातला दख्खनी महाशीर त्यांना पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत मिळाला होता. त्या नदीची आजची अवस्था पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. पण मासे नेमके कोणत्या वर्षी, कोणत्या डोहातून नाहीसे झाले, हे सांगेल असा काठावर बसणारा माणूस तिथे फार आधीच उरला नव्हता. म्हणून या मार्गशीर्षात गळ टाकायला जाल तेव्हा पिशवीत एक वही ठेवा. तिथी, पाण्याचा रंग, मासा, त्याची लांबी एवढे चार रकाने पुरेत. काहीच लागले नाही, तर तेही लिहा.