घडणावळ

सराफाच्या पावतीवरचा एकच शब्द मला मनापासून आवडतो : घडणावळ. वजन, भाव, कर हे सारे आकडे तराजूचे. हा तेवढा माणसाच्या हाताचा. पण गंमत अशी, की तीच वस्तू मोडीत घालायला न्यावी, तर हा शब्द पावतीवरून नाहीसा होतो. धातूचे पैसे मिळतात, हाताचे मिळत नाहीत.

आमच्या घरी चांदीचा एक विलायती चमचा आहे. माझ्या मामांनी १९५८ साली तो शेफील्डहून आणला. दांडीच्या पाठीवर चार ठसे आहेत. सिंह म्हणजे ‘स्टर्लिंग’ चांदी, हजारांत ९२५ भाग. मुकुट ही शेफील्डच्या तपासणी-कचेरीची खूण. १७७३ पासून १९७४ पर्यंत ती चालली. एक अक्षर सालाचे, आणि आद्याक्षरे कारखानदाराची. ज्याने ऐरणीवर घाव घातले, त्याचे नाव मात्र कुठेच नाही.

पण त्याचे काम बोटांना कळते. स्वस्त चमचा सारख्या जाडीच्या पत्र्यातून कापून ठशाखाली दाबतात. हा चमचा निघाला चांदीच्या जाड पट्टीतून. कारागीर पट्टीचे एक टोक ठोकून रुंद करतो, दांडी लांबवतो आणि जिथे चमचा वाकायचा, त्या मानेत चांदी जाडच राखतो. घावांनी चांदी कठीण होत जाते; तसेच ठोकत राहिले तर ती तडकते. म्हणून मधूनमधून ती मंद लाल होईपर्यंत तापवून नरम करायची आणि पुन्हा ऐरणीवर घ्यायची. शेवटी शिशाच्या ठोकळ्यावर पोलादी ठसा मारून चमच्याला खोली आणायची. मग कानस, मग झिलई.

असे हात बाजारात टिकणे सोपे नाही. ॲशबी नावाच्या गृहस्थांनी १८८८ साली लंडनमध्ये हस्तकारागिरांची एक मंडळी स्थापन केली, आणि १९०२ साली ती चिपिंग कॅम्पडन या गावी नेली. यंत्राच्या स्वस्त मालापुढे पाचसहा वर्षांतच ती मोडली. पण जॉर्ज हार्ट हे रौप्यकार गावातच राहिले, आणि तो हातोडा त्यांच्या पुढल्या पिढ्यांनी उचलला.

आमच्या चमच्यावरही अशीच वेळ आली होती. नातवाचे उष्टावण जवळ आले, तेव्हा ही म्हणाली, “अहो, हा एकटाच चमचा. याची मोड घालून छानसा वाटी-चमचा घेऊ या.” सराफाने चमचा तराजूत टाकला आणि आकडा सांगितला. मी घडणावळीचे विचारले, तर तो हसला. “काका, मोडीला घडणावळ कसली?”

त्याचे चुकले असे नाही. तराजूला तेवढेच कळते. पण हिने चमचा उचलून पिशवीत टाकला. “थंडीत गोठलेलं तूप काढायला घरात दुसरं आहे काय? बाकीच्या सगळ्यांच्या माना वाकल्यात!”

मामांच्या आठवणीने मला जे बोलता आले नसते, ते तुपाने एका वाक्यात बोलून टाकले. साठाहून अधिक वर्षे न वाकलेली मान, हीच त्या अनाम माणसाची सही.

या धनत्रयोदशीला आपणही चांदीची एखादी वस्तू घ्याल. वजन पाहालच, पण जमल्यास एवढे विचारा, की ही घडवली कोणी? नाव कळले, तर पावतीच्या पाठीवर लिहून ठेवा.